बोलताना पाय थांबतात का? साठीनंतर डोक्यासाठी व्यायाम सुरू करताना

शाळेत मी पी.टी. शिकवायचो. निवृत्त झालो, शिट्टी कपाटात गेली, पण सकाळी चार लोकांना रांगेत उभं करायची सवय काही जाईना. म्हणून नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या एका बागेत आमचा आठ-दहा जणांचा घोळका जमतो. सगळे साठीच्या पुढचे. सगळ्यांची तक्रार एकच: नावं आठवत नाहीत, चष्मा सापडत नाही, सांगितलेलं डोक्यात राहत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चालताना डोक्यालाही काम द्यावं असं मी कुठेतरी वाचलं होतं. अर्धवट वाचलं होतं, हे नंतर कळलं. बहात्तर वर्षांच्या एका काकूंना म्हटलं, "चालता चालता शंभरातून सात-सात कमी करत जा." काकू दोन पावलं गेल्या, थांबल्या, म्हणाल्या, "त्र्याण्णव." पुन्हा दोन पावलं. पुन्हा थांबल्या. ओठ हलताहेत, डोळे वर, पाय जमिनीला चिकटलेले. "शहाऐंशी." तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा मागून येणारे काकाजी त्यांच्यावर आदळले आणि पेव्हर ब्लॉकवर बसले. कोपर खरचटलं. नशीब, तेवढंच. काकू उलट मलाच म्हणाल्या, "सर, पायानं चालू का डोक्यानं? एक काय ते सांगा न!"

चूक माझीच. अरुंद वाट, एकामागे एक माणसं आणि पहिल्याच दिवशी वजाबाकी. पण काकूंचा प्रश्न मात्र नेमका होता. १९९७ साली स्वीडनच्या काही संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं होतं. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर चालता चालता त्यांनी गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. त्या १२ पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत कुठे ना कुठे पडले.

तरुणपणी चालणं आपोआप होतं, डोकं मोकळं असतं. वय वाढतं, पाय कमजोर होतात, तोल डळमळतो, मग पाऊल कुठे टाकायचं याचा हिशोब मेंदूचा पुढचा भाग करायला लागतो. नियोजन करणं, दोन गोष्टी एकत्र सांभाळणं, हातातलं काम सोडून दुसऱ्याकडे वळणं, ही कामंही तोच भाग करतो. म्हणजे काकू पायानंही चालत होत्या आणि डोक्यानंही, आणि डोकं दोन्हींना पुरत नव्हतं. पायांची ताकद वाढवली तर डोक्यावरचं ओझं कमी होतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

फिरणं आणि चालणं

नवीन माणूस आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "मी तं रोजच फिरून राहिलो, सर." मी विचारतो, कुठे? "फुटाळ्याले." किती वेळ? "एक तास." मग मी एक दिवस सोबत जातो. त्या तासातली वीस मिनिटं तलावाच्या कठड्याला टेकून जातात, पंधरा मिनिटं ओळखीच्यांच्या चौकशीत आणि शेवट तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर. तर्री-पोह्यांवर माझा राग नाही, गप्पांवर तर मुळीच नाही. माणसांत मिसळणं डोक्याला चांगलंच असतं. पण याला फिरणं म्हणा, व्यायाम म्हणू नका.

व्यायाम होतोय की नाही हे कळायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, पण भजन म्हणायला गेलं तर दम तुटला पाहिजे. भजन आरामात म्हणता येत असेल तर वेग वाढवा. दोन शब्दही बोलवत नसतील तर कमी करा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढतच नाही, म्हणून घड्याळातल्या आकड्यापेक्षा श्वासावर भरवसा ठेवा.

आणि त्या दहा हजार पावलांबद्दल. आमच्या एका काकाजींना पुण्याच्या मुलानं घड्याळ पाठवलं. तेव्हापासून ते रात्री जेवण झाल्यावर पावलं पूर्ण करायला हॉलमध्ये फेऱ्या मारतात. दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. पुढे २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ७८ हजारांहून जास्त लोकांची पावलं आणि डिमेन्शियाचं, म्हणजे विसरत जाण्याच्या आजाराचं, प्रमाण ताडून पाहिलं, तेव्हा सगळ्यात कमी धोका ९,८०० पावलांच्या आसपास दिसला. पण त्या फायद्याचा निम्मा वाटा ३,८०० पावलांतच पदरात पडलेला दिसला. पावलांमुळेच धोका कमी झाला असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. जे धडधाकट असतात ते जास्त चालतात, हेही आहेच. तरी काकाजींनी रात्री साडेदहाला हॉलमध्ये गोल फिरू नये, एवढं त्यावरून नक्की सांगता येतं.

घराबाहेर पडण्याआधी

आधी डॉक्टर. छातीत दुखणं, थोडं चालल्यावर धाप, चक्कर, यातलं काहीही असेल तर ते मिटवल्याशिवाय सुरू करू नका. मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत रांग असते हे खरं, पण एक सकाळ घालवा. रक्तदाब आणि साखर तपासून घ्याच. विसरण्याची तक्रार असेल तर बी-१२ आणि थायरॉइडचंही विचारा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता बरीच आढळते आणि तिच्यामुळेही विसरायला होतं. ही कमतरता भरून निघण्यासारखी असते, चालून मात्र भरत नाही. कानांचंही तसंच. धड ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? घरचे म्हणतात "बाबा विसरतात", आणि बाबांना मुळात ऐकूच गेलेलं नसतं.

इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघायचं की काही खाऊन, हे डॉक्टरांनाच विचारा. खिशात खडीसाखर असू द्या. रक्तदाबाच्या गोळीनं झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून पलंगावरून उठताना मिनिटभर काठावर बसा.

मग घरीच दोन मोजमापं घ्या. पहिलं: हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची. हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. अमेरिकेत वापरतात त्या तक्त्याप्रमाणे ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि बाईला ११ पेक्षा कमी जमले तर ते सरासरीच्या खाली. दुसरं: ओट्याजवळ उभं राहून एका पायावर दहा सेकंद. ओटा हाताशी हवा आणि घरातलं कुणीतरी शेजारी. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना हे करायला लावलं तेव्हा पाचातल्या एकाला जमलं नव्हतं, तेव्हा तुम्हाला नाही जमलं तर खट्टू होऊ नका. आकडे कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी राहतील, म्हणजे हरवायचे नाहीत.

पहिले सात आठवडे

इथे मी माझी अक्कल चालवत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाचंच वेळापत्रक आम्ही उचललं. ५५ ते ८० वयाचे, बैठं आयुष्य जगणारे १२० जण. निम्म्यांना वेगानं चालायला लावलं, निम्म्यांना ताणाचे आणि तोलाचे हलके व्यायाम दिले. चालणाऱ्यांची सुरुवात फक्त दहा मिनिटांनी. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ. सातव्या आठवड्यात चाळीस मिनिटं, मग वर्षभर चाळीसच, आठवड्यातून तीन दिवस. पहिले सात आठवडे वेगही बेताचाच होता, खरा वेग त्यानंतर.

मला यात सगळ्यात आवडतात ती पहिली दहा मिनिटं. आपल्याकडे माणूस एक जानेवारीला अंबाझरीला दोन चकरा मारतो, तीन तारखेला गुडघा धरून बसतो आणि पाच तारखेपासून बूट कपाटाखाली. पहिल्या आठवड्यात "हे तं काहीच नाही" असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं तरी दहाव्या मिनिटाला घरी जा.

बूट मात्र बंद प्रकारचा, तळाला पकड असलेला हवा. स्लीपर किंवा सँडल घालून वेग येतच नाही. जागा सपाट निवडा, आणि नागपूरला सपाट जागेची वाण नाही. दक्षिणेकडच्यांना रेशीमबागेचं मैदान आहे, धरमपेठेत ट्रॅफिक पार्क. सेमिनरी हिल्सचा चढ तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतरच. तेव्हाही चढताना वेग कमी ठेवून दम लागू द्यायचा, आणि उतरताना जास्त सावध राहायचं, कारण गुडघा आणि तोल दोन्ही उतारावर दगा देतात.

तीनाचे चार दिवस झाले तर उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, शिवाय दोन दिवस ताकदीचा, आणि ६५ च्या पुढे तीन दिवस तोलाचाही. एकदम सगळं जमवायला जाऊ नका. सात आठवडे नुसतं चालणं, मग पुढचं.

ताकद आणि तोल

ताकदीला जिम लागत नाही. खुर्चीवरून उठबस, दहा-दहाचे दोन गट. भिंतीला हात टेकून जोर. ओटा धरून टाचा वर-खाली. लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन कोपरातून वर-खाली. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस आराम. श्वास कोंडून धरायचा नाही, उठताना सोडायचा. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. कंटाळवाणं आहे, पण काकूंचे पाय थांबायचे कमी झाले ते यानंच, असं माझं मत.

तोलासाठी घरातल्या फरशीचा सांधा वापरा. त्या रेषेवर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावलं जा. बाजूला भिंत हवी. उन्हाळ्यात कूलरजवळची जागा सोडून द्या. टाकी ठिबकते, फरशी ओली असते आणि दिसत नाही.

आता डोक्याला काम

हे आठव्या आठवड्यानंतर, रुंद वाटेवर, शेजारी-शेजारी चालताना. एकामागे एक कधीच नाही. आधी सोपं काम: लोकमान्य नगरकडून सीताबर्डीकडे येताना मेट्रोची स्टेशनं सांगायची. ते जमलं की उलटी. शंकर नगर चौक, मग एलएडी चौक, मग धरमपेठ कॉलेज. इथे निम्मे अडकतात आणि भांडतात, ते मला हवंच असतं. मग तेराचा पाढा. वजाबाकी सगळ्यात शेवटी.

कामापेक्षा पाय बघा. वेग किंचित कमी झाला तर चालेल, थेट थांबले तर काम सोपं करा. रस्ता ओलांडताना, पायऱ्यांवर, खड्ड्याशी तोंड बंद. फोनवर बोलत चालणं म्हणजे हाच व्यायाम असं आमच्यातल्या एका भाऊंनी मला ऐकवलं होतं. रिंग रोडच्या कडेनं चालत असाल तर तो व्यायाम नाही, अपघाताची तयारी आहे.

काकू चार महिन्यांनी वजाबाकीत बहात्तरपर्यंत न थांबता पोचल्या. पासष्टला अजूनही थांबतात.

ज्यांना आकड्यांचा कंटाळा, त्यांनी नाचावं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ च्या पुढच्या ४६९ जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २००३ मध्ये निष्कर्ष छापले. वाचन, पट-पत्त्यांचे खेळ, वाद्य वाजवणं यांच्यासोबत डिमेन्शियाचा धोका कमी दिसला. शारीरिक कामांपैकी तसा संबंध फक्त नाचात दिसला. नाचताना पाय, ताल, पुढची पायरी आणि समोरचा माणूस, सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं. आपल्याकडे लेझीम आहे, टिपऱ्या आहेत. आमच्या गटातल्या बायका शाळेत शिकलेली लेझीम अजून विसरलेल्या नाहीत, आणि पुरुषांना त्यातलं काहीही आठवत नाही.

नागपूरचं ऊन

हा भाग वगळू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. साडेपाचच्या सुमारास उजाडतं, सात वाजता अंग भाजायला लागतं. मधल्या तासाभरातच काय ते करा, साडेसहाला घरी. वयानं तहान लागल्याचं लवकर कळत नाही, म्हणून तहान लागायची वाट न बघता निघण्यापूर्वी पाणी प्या. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा हृदयाचा, किडनीचा त्रास असेल तर किती प्यायचं हे डॉक्टर ठरवतील. डोक्याला दुपट्टा हवा. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, माझी आईही ठेवायची, पण कांदा आहे म्हणून नऊ वाजता निघू नका. चालताना घाम थांबला, बोलणं अडखळलं, माणूस भलतंच बोलायला लागला, तर सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. ते विसरणं नव्हे, उष्माघात असू शकतो.

डिसेंबर-जानेवारीत उलटं. पहाटेच्या गारठ्यात रक्तदाब चढतो. ऊन अंगावर आल्यावर, कान बांधून निघा. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, तेव्हा घराच्या व्हरांड्यात चाला.

काय मिळेल आणि काय नाही

त्या १२० जणांच्या प्रयोगात वर्षानंतर मेंदूची चित्रं काढली. हिप्पोकॅम्पस नावाचा, आठवणी बसवणारा भाग म्हातारपणी दर वर्षी थोडा आकसतो. चालणाऱ्यांत तो सुमारे २ टक्के वाढलेला दिसला, हलके व्यायाम करणाऱ्यांत सुमारे १.४ टक्के कमी झाला. हे सगळीकडे सांगतात. जे सांगत नाहीत ते असं, की स्मरणशक्तीच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले होते, आणि एक गट दुसऱ्याच्या फार पुढे गेला असं झालं नाही.

आणखी एक मोठा प्रयोग अमेरिकेतच झाला, निकाल २०१५ मध्ये आला. ७० ते ८९ वयाचे १,६३५ जण, दोन वर्षं. चालणं, ताकद, तोल, सगळं करून घेतलं, आणि आरोग्यावरची भाषणं ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांचं डोकं जास्त चाललं नाही. फक्त ऐंशीच्या पुढचे आणि सुरुवातीला शरीरानं कमजोर असलेले, यांच्यात नियोजनाच्या कामांत फरक दिसला. इंग्लंडमध्ये ज्यांना आधीच डिमेन्शिया होता अशा ४९४ जणांना चार महिने जोरकस व्यायाम दिला. अंगात ताकद आली, विसरणं थांबलं नाही.

मग करायचं कशाला? कारण रक्तदाब, साखर, झोप आणि मन यांवर व्यायामाचा परिणाम पक्का आहे, आणि मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या याच गोष्टींनी बिघडतात. 'लॅन्सेट'नं नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये डिमेन्शियाची हाताशी असलेली १४ कारणं मांडली. बैठं आयुष्य त्यातलं एक, आणि रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, एकटेपणा, बहिरेपणा हीसुद्धा त्याच यादीत. सगळी आवरली तर जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा असा अंदाज आहे. त्यामुळे चालल्यानं नातवाच्या मित्राचं नाव आठवेल का, असं कुणी विचारलं तर मी "माहीत नाही" म्हणतो. वजाबाकी करताना पडणार नाही, हे मात्र सांगतो.

हे मात्र बागेत सुटत नाही

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे न कळणं वेगळं. रोजच्या वाटेवर चुकणं, तीच गोष्ट तासाभरात चारदा विचारणं, पन्नास वर्षं केलेली भाजी कशी करायची हे न सुचणं, पैशांचा हिशोब अचानक जमेनासा होणं, यातलं काही दिसलं तर फेऱ्या वाढवू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. एक-दोन दिवसांतच माणूस गोंधळायला लागला तर त्याच दिवशी. लघवीचा संसर्ग, शरीरातलं मीठ कमी होणं, नवी गोळी, असंही कारण निघतं. चेहरा वाकडा होणं, एका बाजूचा हात पडणं, बोबडं बोलणं, यात तर एक मिनिटही घालवू नका, १०८ लावा.

जाताना कालनिर्णयाची ती पानं आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. माणूस किती चालत होता आणि कधीपासून कमी झाला हे डॉक्टर विचारतातच, आणि त्याची उत्तरं घरच्यांना तोंडपाठ नसतात.